रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी वापरलेली, आटोपशीर ९० मि.मी. लेन्स कशी निवडावी

रेंजफाइंडर कॅमेरा हाती घेणारा माणूस बहुधा ३५ किंवा ५० मि.मी. लेन्सवर सुरुवात करतो. काही महिन्यांनी त्याला रंगमंचावरचा एखादा चेहरा, रस्त्यापलीकडच्या माणसाचे हावभाव किंवा दूरच्या कड्याचा एकच तुकडा चौकटीत घ्यावासा वाटू लागतो. अशा वेळी ९० मि.मी. ही सर्वांत समंजस निवड ठरते. १३५ मि.मी. लेन्सची चौकट, म्हणजे ती किती भाग टिपेल ते दाखवणाऱ्या रेषा, बहुतेक व्ह्यूफाइंडरांत फारच लहान दिसते आणि तिचा फोकस साधणे नवख्याला जड जाते. ७५ मि.मी. लेन्स ५० मि.मी.च्या इतकी जवळ आहे, की दोन्ही बाळगण्याचे कारण अनेकांना सापडत नाही. म्हणून हा लेख लाइकाच्या एम माउंटवर, म्हणजे लेन्स अडकवायच्या एम पद्धतीच्या जोडावर, बसणाऱ्या, वापरलेल्या आणि खिशात मावतील अशा ९० मि.मी. लेन्सपुरता मर्यादित ठेवला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढच्या सगळ्या सूचना तिच्यावर उभ्या आहेत. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून जे दिसते तेच डोळ्याला दिसते. फोकस चुकला तर तो बटण दाबण्याआधीच कळतो. रेंजफाइंडरमध्ये डोळा एका खिडकीतून पाहतो, लेन्स वेगळीच पाहते, आणि या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे लेन्सच्या मागची धातूची एक कड आणि तिला टेकलेले कॅमेऱ्यातले लहानसे चाक. हा दुवा बिघडला असेल तर काच कितीही स्वच्छ असली तरी चित्र धूसर येते. त्यामुळे इथे केवळ चांगली लेन्स विकत घेऊन भागत नाही, ती आपल्या कॅमेऱ्याशी जुळणारी असावी लागते, आणि शक्य असेल तेथे खरेदीला जाताना कॅमेरा सोबत न्यावा.

पहिली पायरी: आधी आपला कॅमेरा तपासावा

प्रथम व्ह्यूफाइंडरमध्ये ९० मि.मी.ची चौकट आहे का, हे पाहावे. लाइका एम३ मध्ये ती आहे आणि मोठी दिसते. एम२, एम४, एम६ मध्येही आहे. एम६ मध्ये ती २८ मि.मी.च्या चौकटीसोबत उमटते, कारण त्या कॅमेऱ्यात चौकटी २८-९०, ३५-१३५ आणि ५०-७५ अशा जोड्यांनी येतात. लाइका सीएलमध्ये ४०, ५० आणि ९० तर मिनोल्टा सीएलईमध्ये २८, ४० आणि ९० अशा चौकटी आहेत. झाइस आयकॉनमध्ये मात्र ९० ऐवजी ८५ मि.मी.ची चौकट आहे. फरक थोडा असल्याने काम भागते, पण कडेच्या गोष्टी कापल्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

यानंतर येते ती रेंजफाइंडरची अचूकता. रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा एकमेकांवर आणून फोकस साधतात. या दोन खिडक्यांमधील अंतर आणि व्ह्यूफाइंडरचे वर्धन यांचा गुणाकार म्हणजे प्रभावी पायालांबी. ती जितकी मोठी, तितके दोन प्रतिमांचे जुळणे अचूक. एम३ ची प्रभावी पायालांबी सुमारे ६२ मि.मी. आहे, ०.७२ वर्धनाच्या एम६ ची सुमारे ५० मि.मी., सीएलईची सुमारे २९ मि.मी. आणि सीएलची अवघी १९ मि.मी. हे आकडे कोरडे वाटतील, पण त्यांचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. फिल्मपासून एक मीटरवर असलेल्या चेहऱ्यावर ९० मि.मी. लेन्स एफ/२.८ वर वापरली (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे दीड सेंटिमीटरचाच असतो. एफ/४ वर तो दोन सेंटिमीटरच्या किंचित वर जातो. डोळा आणि कान दोन्ही स्पष्ट येणार नाहीत, हे यातून उघड आहे. तीन मीटरवर एफ/४ ला हाच पट्टा पाव मीटरच्या जवळपास पोहोचतो आणि काम बरेच सोपे होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की पहिली ९० मि.मी. लेन्स घेणाऱ्याने एफ/२ च्या मोहात पडू नये. एफ/२ ची लेन्स वजनदार असते, व्ह्यूफाइंडरचा कोपरा झाकते आणि जुन्या, थोड्या हललेल्या रेंजफाइंडरवर तिचा पूर्ण उघडा वापर बहुतेक वेळा वाया जातो. एफ/४ ची लहान लेन्स रोज पिशवीत राहते आणि म्हणूनच वापरली जाते. ज्यांच्याकडे सीएल आहे त्यांनी एफ/४ हून मोठ्या छिद्राच्या लेन्सकडे जाऊच नये. एम६ किंवा त्याच जातकुळीतला कॅमेरा असणाऱ्यांनी आयपीसला लावायचे १.२५ किंवा १.४ पट वर्धनाचे भिंग जमल्यास सोबत घ्यावे. लहान चौकटीत फोकस साधताना त्याचा खरा उपयोग होतो.

दुसरी पायरी: कोणत्या लेन्स शोधाव्यात

लाइका सीएल हा कॅमेरा लाइकाची निर्माती कंपनी लाइट्झ आणि मिनोल्टा यांच्या सहकार्यातून १९७३ मध्ये आला आणि त्याच्यासाठी लाइट्झने एल्मार-सी ९० मि.मी. एफ/४ ही लेन्स केली. नवख्याने सर्वांत आधी तिच्याकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते. ती लहान आहे, पूर्ण उघड्या छिद्रावरही चांगली चालते आणि इतर लाइका लेन्सच्या तुलनेत तिला मागणी कमी असल्याने किंमत आवाक्यात राहते. तिची एक अडचण आधीच माहीत असावी. तिच्या मागची, कॅमेऱ्यातल्या चाकाला टेकणारी कड सपाट नसून उतरती आहे, आणि त्यामुळे मोठ्या एम कॅमेऱ्यांवर तिचा फोकस नेमका जुळेलच याची हमी खुद्द लाइकाने दिली नव्हती. अनेक जण ती एम कॅमेऱ्यावर समाधानाने वापरतात, तरी ही लेन्स तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये. फिल्टरचीही अडचणच आहे: तिला ५.५ मालिकेचे बिनआट्यांचे फिल्टर लागतात आणि ते रबरी हूडने, म्हणजे बाजूचा उजेड अडवणाऱ्या टोपीने, धरून ठेवले जातात. ते हूड हरवलेले असेल किंवा रबर चिरलेले असेल, तर किंमत त्या प्रमाणात कमी करून मागावी.

याच घराण्यातली दुसरी लेन्स म्हणजे मिनोल्टाची एम-रोक्कोर ९० मि.मी. एफ/४. सीएलईसोबत आलेल्या तिच्या नंतरच्या आवृत्तीला साधे ४०.५ मि.मी. आट्यांचे फिल्टर बसतात, आणि रोजच्या वापरात ही सोय मोठी आहे.

टेली-एल्मरिट ९० मि.मी. एफ/२.८ बद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण आटोपशीर ९० शोधणारा जवळपास प्रत्येक जण तिच्यापाशी येऊन थांबतो. १९६४ पासून आलेली पाच भिंगांची जाड आवृत्ती आणि १९७४ ते १९९० या काळातली चार भिंगांची सडपातळ आवृत्ती, अशा तिच्या दोन आवृत्त्या आहेत. सडपातळ आवृत्ती सुमारे सव्वादोनशे ग्रॅमची असून तिला ३९ मि.मी.चे सर्वत्र मिळणारे फिल्टर लागतात. कागदावर पाहिले तर याहून सोयीची लेन्स नाही. पण या लेन्सच्या मागच्या गटात आतल्या पृष्ठभागावर पांढुरका थर धरण्याची तक्रार वारंवार आढळते. काही वेळा तो पुसून निघतो. पुष्कळदा काच किंवा तिच्यावरचा लेप खरवडल्यासारखा झालेला असतो आणि मग कुशल कारागीरही काही करू शकत नाही. विक्रेता ‘साधी सफाई केली की होईल’ म्हणाला, तर ती सफाई त्याने करून द्यावी आणि मग किंमत बोलावी. टेली-एल्मरिट ऑनलाइन, परतीच्या हमीशिवाय, कधीही घेऊ नये.

१९५४ पासूनची मिटणारी एल्मार ९० मि.मी. एफ/४ दिसायला देखणी आहे आणि मिटल्यावर फारच लहान होते. मात्र मिटवताना तिची नळी कॅमेऱ्याच्या आत सरकते. लाइका एम५ आणि सीएल यांच्यात लेन्सच्या मागे प्रकाशमापकाचा हलणारा दांडा असतो, त्यामुळे त्या कॅमेऱ्यांवर असताना ती मिटवू नये. २००३ मध्ये आलेली मॅक्रो-एल्मार-एम ९० मि.मी. एफ/४ हीदेखील मिटणारीच आहे आणि उत्कृष्ट आहे, पण तिची किंमत नवख्याच्या अंदाजपत्रकात क्वचितच बसते. कोनिकाने १९९९ मध्ये हेक्सार आरएफसोबत आणलेली एम-हेक्सानॉन ९० मि.मी. एफ/२.८ चांगल्या अवस्थेत मिळाली तर जरूर विचारात घ्यावी. तिचे हूड अंगचेच आहे. फोक्टलेंडर नावाने कोसिनाने केलेली आपो-लांथार ९० मि.मी. एफ/३.५ ही आट्यांच्या माउंटची लेन्स मला तिच्या वयाच्या लाइका लेन्सहून अधिक भरवशाची वाटते. तिची काच तुलनेने नवी आहे, त्यामुळे जुन्या वंगणाने आलेला धूसरपणा तिच्यात कमी आढळतो.

आट्यांच्या लेन्स आणि अडॅप्टर

लाइकाच्या जुन्या कॅमेऱ्यांचे आट्यांचे माउंट ३९ मि.मी. व्यासाचे आहे आणि त्याचे फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मि.मी. आहे. एम माउंटचे अंतर २७.८ मि.मी. आहे. या एक मिलिमीटरच्या फरकामुळे आट्यांची लेन्स पातळ अडॅप्टर लावून एम कॅमेऱ्यावर बरोबर बसते. अडॅप्टर घेताना तो ९० मि.मी.ची चौकट आणणारा आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण ५०-७५ चा अडॅप्टर लावला तर व्ह्यूफाइंडरमध्ये चुकीची चौकट उमटेल. स्वस्त अडॅप्टरची जाडी सर्व बाजूंनी सारखी नसते आणि त्याचा परिणाम थेट फोकसवर होतो; लेन्सवर खर्च करून अडॅप्टरवर काटकसर करणे परवडत नाही.

कॅननची १०० मि.मी. एफ/३.५ ही आट्यांची लेन्स हलकी, बारीक आणि अजूनही रास्त दरात मिळणारी आहे. चौकट ९० ची असताना ती थोडी अधिक जवळचे चित्र देते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. कॅननच्या त्या काळातल्या लेन्समध्ये छिद्राच्या पात्यांजवळच्या भिंगांवर धूसरपणा वारंवार दिसतो, तेवढा मात्र बारकाईने तपासावा.

सोव्हिएत बनावटीच्या ज्युपिटर-९ आणि ज्युपिटर-११ या लेन्स स्वस्त असल्यामुळे नवख्यांना सुचवल्या जातात. मी त्या पहिल्या खरेदीसाठी सुचवणार नाही. त्यांचे मूळ झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यात आहे, आणि त्या घराण्याची रेंजफाइंडरची मोजणी लाइकाच्या मोजणीहून थोडी वेगळी आहे. ३५ मि.मी. लेन्सवर हा फरक खपून जातो, पण ८५ किंवा १३५ मि.मी.वर, छिद्र उघडे असताना, तो स्पष्ट दिसतो. कुशल कारागिराने जुळवून दिलेली ज्युपिटर सुंदर चित्रे देते. तो खर्च धरला की स्वस्ताई मात्र उरत नाही.

तिसरी पायरी: काच कशी पाहावी

दुकानात किंवा विक्रेत्याच्या घरी जाताना एक छोटा पण तीव्र टॉर्च, हवा मारायचा रबरी फुगा, आपला कॅमेरा आणि नेहमीची ५० मि.मी. लेन्स सोबत न्यावी. छतावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात लेन्स फिरवून पाहणे हे तपासणे नव्हे. त्या उजेडात जवळपास प्रत्येक लेन्स स्वच्छ दिसते.

छिद्र पूर्ण उघडावे. दोन्ही झाकणे काढून लेन्स अंधाऱ्या पार्श्वभूमीसमोर धरावी, मागच्या बाजूने टॉर्चचा झोत थोडा तिरका सोडावा आणि पुढून, झोताच्या रेषेबाहेर राहून पाहावे. मग लेन्स सावकाश कलवत न्यावी. धूळ म्हणजे सुटे, चमकणारे ठिपके. पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये ते असणारच आणि त्यांनी चित्राला काही होत नाही. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फुटलेली दिसते, बहुधा काचेच्या कडेपासून आत येणारी. धूसरपणा म्हणजे संपूर्ण पृष्ठभागावर पसरलेली दुधाळ छटा; तो सरळ प्रकाशात अजिबात दिसत नाही आणि तिरक्या झोतात एकदम उजळतो. दोन भिंगे चिकटवलेल्या जागी डिंक सुटला असेल, तर कडेला इंद्रधनुषी रंगाची किंवा चंदेरी चकती दिसते. समोरच्या काचेवर वर्षानुवर्षांच्या पुसण्याने उमटलेले अतिसूक्ष्म ओरखडे एखाद्या धाग्याच्या गुंत्यासारखे चमकतात.

यांपैकी कशाला किती घाबरावे, हे कळणे महत्त्वाचे. धुळीकडे दुर्लक्ष करावे. समोरच्या काचेवरचे एकदोन ठळक ओरखडे चित्रात दिसत नाहीत, किंमत मात्र बरीच खाली आणतात. व्यवहारी माणसाने अशी लेन्स आनंदाने घ्यावी. पुसण्याच्या ओरखड्यांचे दाट जाळे आणि दुधाळ धूसरपणा यांनी मात्र चित्रातला उठाव (कॉन्ट्रास्ट) जातो, विशेषतः उजेड समोरून येत असेल तेव्हा. मागच्या भिंगावरचा दोष पुढच्या भिंगावरच्या तेवढ्याच दोषापेक्षा जास्त त्रास देतो. बुरशी अगदी कडेला, एखाद्या बारीक तंतूइतकी असेल आणि किंमत तशी असेल, तर कारागिराकडून साफ करून घेण्याच्या तयारीने घेता येते. काचेच्या मध्यावर पसरलेली बुरशी लेप खाऊन बसलेली असते आणि साफ केल्यावरही तिचा नकाशा काचेवर राहतो. डिंक सुटलेली लेन्स घेऊ नये. ते काम करणारे कारागीर कमी आहेत आणि त्याचा खर्च लेन्सच्या किमतीला टेकतो.

टॉर्चच्या पलीकडची एक साधी परीक्षा आहे. विक्रेत्याकडे एम अडॅप्टर लावलेला मिररलेस डिजिटल कॅमेरा असेल, तर लेन्स त्यावर लावून उजळ खिडकीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे चित्र पूर्ण उघड्या छिद्रावर घ्यावे. खिडकीचा उजेड माणसाच्या गडद कपड्यांवर धुक्यासारखा सांडत असेल, तर धूसरपणा आहे. चारही कोपरे सारखे येतात का, हेही एखाद्या सपाट भिंतीच्या चित्रावरून कळते. एकच कोपरा सतत मऊ येत असेल, तर लेन्स कधीतरी पडली किंवा चुकीची जोडली गेली आहे. मात्र ही परीक्षा काचेपुरतीच आहे. मिररलेस कॅमेरा थेट लेन्समधून फोकस करतो, त्यामुळे रेंजफाइंडरशी जुळणी बरोबर आहे की नाही, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

चौथी पायरी: यंत्र

फोकसची रिंग अनंतापासून एक मीटरपर्यंत सावकाश फिरवावी. ती एकसारख्या, किंचित जड चालीने फिरली पाहिजे. मध्येच अडणे, खरखर लागणे किंवा एका टोकाला सैल होणे ही वंगण सुकल्याची, वाळू गेल्याची किंवा आटे झिजल्याची लक्षणे आहेत. नुसती जड चाल वंगण बदलल्यावर सुधारते; खरखर सुधारेलच असे नाही. मग रिंग एका जागी ठेवून लेन्सची नळी हलक्या हाताने पुढे-मागे आणि आडवी हलवून पाहावी. डुगडुग जाणवली, तर फोकस दर वेळी वेगळ्या जागी बसेल.

छिद्राच्या पात्यांवर तेल दिसले, की एसएलआरची सवय असलेले लोक लेन्स लगेच बाजूला ठेवतात. रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये पाती स्प्रिंगने झटक्यात मिटत नाहीत, ती हाताने फिरवली जातात. त्यामुळे थोड्या तेलाने त्यांचे काम बिघडत नाही. पण तेच तेल उन्हाळ्यात उडून शेजारच्या भिंगांवर बसते आणि कालांतराने धूसरपणा होतो. तेलकट पाती दिसली, तर त्या जागची काच दुसऱ्यांदा पाहावी.

शेवटी मागचे माउंट आणि स्क्रू पाहावेत. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील, तर लेन्स कोणीतरी उघडलेली आहे. उघडणे हा दोष नाही, परंतु चांगला कारागीर असे ओरखडे सोडत नाही. आटे एका फेऱ्याने चुकवून जोडले गेले असतील, तर लेन्स अनंतावर पोहोचत नाही किंवा त्यापलीकडे जाते, आणि हे पुढच्या पायरीत उघड होते.

पाचवी पायरी: कॅमेऱ्याशी जुळणी

ही पायरी बहुतेक खरेदीदार गाळतात, आणि ९० मि.मी. लेन्सबद्दलच्या तक्रारींपैकी मोठा भाग इथूनच येतो. अनंतापासून एक मीटरपर्यंत येताना ९० मि.मी. लेन्स सुमारे १० मि.मी. पुढे सरकते, कॅमेऱ्यातले चाक मात्र ५० मि.मी. लेन्सच्या हिशेबाने, सुमारे ३ मि.मी.च सरकायला हवे. ही रूपांतराची कामगिरी लेन्सच्या मागच्या धातूच्या कडेला करावी लागते. चाकाच्या जागेतली चूक लेन्सच्या सरकण्यात तिपटीने उमटते, हे लक्षात घेतले, की ५० मि.मी.वर बिनचूक वाटणारा कॅमेरा ९० वर का चुकतो ते समजते.

आधी आपली ५० मि.मी. लेन्स लावून किमान एक किलोमीटर दूरची उभी रेषा, उदाहरणार्थ मोबाइलच्या मनोऱ्याची किंवा उंच इमारतीची कड, अनंतावर पाहावी. दोन प्रतिमा नेमक्या एकावर एक बसल्या, तर कॅमेरा ठीक आहे. मग ९० मि.मी. लावून तीच रेषा पाहावी. इथे प्रतिमा जुळल्या नाहीत, तर दोष लेन्सचा किंवा अडॅप्टरचा आहे. दोन प्रतिमांपैकी एक वर आणि एक खाली दिसत असेल, तर तो कॅमेऱ्याचा दोष आहे, लेन्सला बोल लावू नये.

जवळची परीक्षा अशी करावी. एका पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने जाड उभी रेघ ओढून तो टेबलावर उभा करावा. त्याच्या शेजारी, खेटून, मोजपट्टी कॅमेऱ्याच्या दिशेने आडवी ठेवून मागचे टोक पुस्तकांवर उचलावे, म्हणजे पट्टी तिरकी होईल आणि तिचा मधला आकडा बरोबर रेघेच्या पातळीत येईल. कॅमेरा तिपाईवर, फिल्मपासून एक मीटरवर, छिद्र पूर्ण उघडे. रेघेवर फोकस साधावा तो अनंताच्या बाजूने येऊन; चित्र घ्यावे. मग रिंग जवळच्या टोकाला नेऊन, उलट बाजूने येत पुन्हा फोकस साधावा आणि दुसरे चित्र घ्यावे. अशा दोन-तीन जोड्या घ्याव्यात. डिजिटल एम कॅमेरा असेल तर निकाल लगेच दिसतो. फिल्म असेल तर एक रोल या कामासाठी खर्च करावा, तो वाया जात नाही.

चित्रांत पट्टीचा मधला आकडा सर्वांत स्पष्ट असेल, तर जुळणी बरोबर आहे. प्रत्येक चित्रात सारखाच पुढचा किंवा सारखाच मागचा आकडा स्पष्ट येत असेल, तर लेन्स जुळवून घेता येते. कारागीर भिंगांच्या गटाखाली पातळ चकती घालून किंवा काढून हे करतो. एका दिशेने येताना पुढचा आणि दुसऱ्या दिशेने येताना मागचा आकडा स्पष्ट येत असेल, तर कुठेतरी झीज किंवा ढिलेपणा आहे, आणि अशी लेन्स परत करावी. जुळणी करायला देताना कारागिराला एक गोष्ट बजावून सांगावी: ५० मि.मी. लेन्स या कॅमेऱ्यावर बरोबर चालत असेल, तर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, फक्त लेन्स जुळवायची. एका लेन्ससाठी कॅमेरा फिरवला, की बाकीच्या सगळ्या लेन्स चुकतात.

लांबून खरेदी करताना

मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने आणि दुरुस्ती करणारे कारागीर आहेत, आणि तिथे चौकशी अवश्य करावी. तरी एम माउंटच्या लेन्स तिथे नेहमी मिळतील असे नाही, त्यामुळे पुष्कळांना परदेशातील, विशेषतः जपानमधील विक्रेत्यांकडे वळावे लागते. त्यांची वर्णने सहसा तपशीलवार असतात, पण श्रेणीच्या नावावर विसंबू नये. ‘एक्सलंट’च्या पुढे कितीही अधिक चिन्हे असली, तरी खाली बारीक अक्षरांत ‘किंचित धूसर, चित्रावर परिणाम नाही’ असे लिहिलेले असू शकते. ते ‘किंचित’ किती, हे टॉर्चच्या झोतातले छायाचित्र मागून स्वतः ठरवावे. मागचे माउंट, कड आणि छिद्राची पाती यांचीही छायाचित्रे मागावीत. देण्यास टाळाटाळ करणाऱ्याला सोडून द्यावे.

पैसे भरण्याआधी परतीची मुदत लेखी घ्यावी आणि परतीचा टपालखर्च कोणाचा, हे स्पष्ट करून घ्यावे. सीमाशुल्क आणि कर वेगळे लागतात, शिवाय वापरलेल्या मालाच्या आयातीला नियम आहेत. म्हणून कुरिअर कंपनीकडे आधी चौकशी करून त्यांचे उत्तर लेखी ठेवावे. परदेशातला भाऊ-बहीण किंवा मित्र येताना लेन्स घेऊन येणार असेल, तर खरेदीची पावती त्यांच्याजवळ असावी. लेन्सच्या किमतीत शुल्क, अडॅप्टर, हूड, फिल्टर आणि एकदाची सफाई-जुळणी यांचा खर्च मिळवून मगच दोन लेन्सची तुलना करावी. हूड आणि दोन्ही झाकणांसह मिळणारी थोडी महाग लेन्स अखेरीस पुष्कळदा स्वस्त पडते.

घरी आल्यावर

परतीची मुदत सुरू होते त्याच दिवशी वरच्या सर्व तपासण्या कराव्यात, निवांत वेळ मिळण्याची वाट पाहू नये. त्यानंतरचा प्रश्न साठवणुकीचा. मुंबई, कोकण आणि गोवा येथे पावसाळ्यात हवा महिनोनमहिने ओलसर राहते, आणि बुरशीला तेच हवे असते. तिचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना वाढू न देणे एवढेच आपल्या हाती आहे. रबरी कडेच्या घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. फार कोरडी हवाही नको, कारण त्याने वंगण लवकर सुकते. जुन्या लेन्ससोबत येणारी चामड्याची देखणी पेटी ओल धरून ठेवते. ती कपाटात वेगळी ठेवावी, लेन्स तिच्यात ठेवू नये.

पावसाळ्यातही लेन्स आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावी आणि गणपतीच्या सुमारास एकदा काच तिरक्या झोतात पाहावी. कडेला पहिला तंतू दिसताच लेन्स कारागिराकडे न्यावी. या टप्प्यावरची बुरशी बहुधा डाग न ठेवता निघते.